गुणी खेळाडू निवडींतून कां निसटतात ?



गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आले. ते ऊसतोडणीचें काम करणारे. दोन दिवसांनीं टोळीबरोबर कारखान्याच्या वाटेस लागावयाचे होते. मुलगा आमच्या शाळेंत नववींत शिकत होता, आणि पळण्यांत त्याचा हात धरील असा दुसरा मुलगा शाळेंत नव्हता. महिन्यापूर्वीं तो निवडचांचणीस जाऊन आला होता. परंतु निवडलेल्यांच्या यादींत त्याचें नांव आलें नव्हतें. वडील म्हणाले, "गुरुजी, पोराच्या पायांत गुण आहे असें तुम्हीच सांगत होतां. मग त्याला घेतला कां नाहीं ? गुण नसेल तर तसें स्पष्ट सांगा. यंदां त्याच्या हातीं कोयता देतों."

मुलगा खालीं मान घालून उभा होता. मीं त्या दिवशीं घाईघाईनें कांहीं उत्तर दिलें, पण त्यानें माझेंच समाधान झालें नाहीं. हा प्रश्न एका घरापुरता नाहीं. दरवर्षीं आपल्या जिल्ह्यांत कितीतरी मुलें व मुली अशा यादीपुढें उभ्या राहतात, स्वतःचें नांव शोधतात, आणि तें न सांपडल्यावर "आपल्यांत कांहीं नाहीं" असें समजून घरीं परततात. माझ्या मतें त्यांची ही समजूत चुकीची आहे. निवड न होणें आणि गुण नसणें या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या एक कां नव्हेत, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम निवड म्हणजे काय तें पाहूं. निवड करणारा मनुष्य सर्वज्ञ नसतो. त्याच्यापुढें शंभर मुलें उभीं असतात, जागा दहा असतात, आणि वेळ एका दिवसाचा असतो. जें दिसतें त्यावरून, जें अजून दिसलेलें नाहीं त्याचा त्याला अंदाज बांधावयाचा असतो. शेतकरी बियाणें तळहातावर घेऊन पाहतो, तेव्हां त्याला दाण्याचा आकार दिसतो. पुढें पाऊस कसा पडेल व जमीन कशी लागेल, हें कांहीं दाण्यावर लिहिलेलें नसतें. खेळाडूची निवड अशाच प्रकारची असते. म्हणून तींत चुका होतात. परंतु त्या चुका वाटेल तशा होत नाहींत. त्यांच्या कांहीं ठराविक वाटा आहेत. त्या वाटा ओळखल्या, तर कांहीं चुका टाळतां येतील, आणि ज्या टळणार नाहींत त्या सोसण्याचें बळ येईल.

पहिलें कारण अगदीं साधें आहे. पाहणाराची दृष्टि तेथवर पोंचतच नाहीं.

आपल्याच जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांत मांडवा नांवाचें गांव आहे. तेथें १३ सप्टेंबर १९९४ रोजीं अविनाश साबळे यांचा जन्म झाला. आईबाप शेतकरी, शेतीवर भागत नसे म्हणून ते वीटभट्टीवरहि राबत. शाळा घरापासून सुमारें सहा किलोमीटर दूर. वाहन नाहीं, म्हणून हा मुलगा लहानपणापासून तें अंतर कधीं चालत तर कधीं पळत काटीत असे. बारावी झाल्यावर ते सैन्यांत पांचव्या महार पलटणींत दाखल झाले. सियाचीनचें बर्फ, राजस्थानचें वाळवंट आणि सिक्कीमचा डोंगराळ मुलूख, अशा ठिकाणीं त्यांनीं चाकरी केली. क्रॉस-कंट्री म्हणून माळरानावरची जी लांब पल्ल्याची शर्यत असते, तींत ते २०१५ सालीं सैन्यांतच प्रथम उतरले. त्या वेळीं त्यांचें वय एकवीस वर्षांच्या घरांत होतें. पुढें सैन्यांतील प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखालीं ते २०१७ सालीं ३,००० मीटर स्टीपलचेस या शर्यतीकडे वळले. या शर्यतींत धांवणारास अठ्ठावीस वेळां अडथळे आणि सात वेळां पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. जो नुसताच वेगानें पळतो त्याचें येथें भागत नाहीं. दम, उडी आणि धीर हीं तिन्ही लागतात.

पुढील हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. गोपाल सैनी यांनीं १९८१ सालीं केलेला राष्ट्रीय विक्रम सदतीस वर्षें अबाधित होता. तो साबळे यांनीं २०१८ सालीं भुवनेश्वर येथें मोडला. मग स्वतःचा विक्रम ते स्वतःच पुनःपुन्हां मोडीत गेले. २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांनीं ८ मिनिटें ११.२० सेकंदांत शर्यत पुरी करून रौप्यपदक मिळविलें. पहिला आलेला केनियाचा अब्राहम किबिवोट त्यांच्यापुढें सेकंदाच्या अवघ्या पांच शतांशांनीं होता. १९९८ पासून त्या स्पर्धेंतील या शर्यतीचीं तिन्ही पदकें दर वेळीं केनियाच्याच वांट्यास जात होतीं. ती परंपरा मांडव्याच्या या शिपायानें खंडित केली. २०२३ सालीं हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक जिंकलें, आणि २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें या शर्यतीची अंतिम फेरी गांठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले. तींत ते अकरावे आले.

आतां असा विचार करा. शाळेच्या वाटेवर रोज पळणाऱ्या त्या मुलाच्या छातींतला दम २०१५ सालीं एकाएकीं उत्पन्न झाला काय ? सैन्यानें त्यास शिस्त लावली, खाणें दिलें, शिक्षण दिलें, हें खरें. आणि त्यावांचून तो पुढें आला नसता, हेंहि खरें. परंतु बीज आधींपासून होतें. नव्हता तो पाहणारा मनुष्य, आणि नव्हतें तें मोजणारें घड्याळ. जो चांचणीस आलाच नाहीं त्यास कोणी नापास केलेलें नसतें. तरीहि तो निवडींतून निसटलेलाच असतो.

दुसरें कारण वयाचें व अंगकाठीचें आहे. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. समजा, वयाची गणना १ जानेवारीपासून धरली, तर जानेवारींत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत जन्मलेला मुलगा हे एकाच गटांत येतात. वस्तुतः त्यांच्या वयांत जवळजवळ एक वर्षाचें अंतर असतें. पंचविसाव्या वर्षीं त्या अंतराला कांहीं किंमत नाहीं. पण बाराव्या-तेराव्या वर्षीं एका वर्षांत मुलाची उंची, खांद्यांची रुंदी व पायांची ताकद कितीतरी वाढते. पाहणारा म्हणतो, "हा मुलगा गुणी आहे." खरें पाहतां तो मुलगा फक्त थोडा आधीं जन्मलेला असतो. कॅनडांतील रॉजर बार्नस्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८५ सालीं बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तेव्हां वरच्या दर्जाच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू फार, आणि शेवटच्या महिन्यांत जन्मलेले थोडे, असें त्यांस आढळून आलें. जानेवारींत जन्मण्यांत काय मोठा गुण आहे ? परंतु लहानपणीं जो मोठा दिसतो त्याला संघांत घेतात, संघांत घेतल्यावर त्याला चांगलें शिक्षण मिळतें, आणि शिक्षण मिळाल्यामुळें तो पुढें खरोखरच चांगला होतो. मागें राहिलेल्यास मात्र आपण कां मागें राहिलों हें कधींच कळत नाहीं.

पालकांनीं येथें एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. आपल्या खेड्यांतून मुलाचें नांव शाळेंत घालतांना खरी जन्मतारीख न सांगतां १ जून ही तारीख लावून देण्याची चाल पुष्कळ वर्षें चालत आली. शाळेच्या पटावर एकाच दिवशीं जन्मलेलीं निम्मीं मुलें पाहून नव्या शिक्षकास हंसूं येतें. परंतु ही गंमत नव्हे. कागदावर मूल खऱ्या वयापेक्षां सहा महिन्यांनीं मोठें झालें, तर तें आपल्याहून थोर मुलांशीं झुंजत राहतें; आणि जाणूनबुजून लहान दाखविलें, तर तें दुसऱ्याच्या मुलाची जागा घेतें व पुढें उघडकीस आल्यास स्वतःचीहि घालवितें. मुलाची खरी जन्मतारीख नोंदविणें, हा त्याच्या खेळाचा पहिला धडा समजावा.

तिसरें कारण असें कीं, कधीं कधीं जागाच भरलेली असते. हें कारण ऐकण्यास सोपें, पण सोसण्यास फार कठीण आहे. मुंबईचे पद्माकर शिवलकर हे डाव्या हातानें मंदगति गोलंदाजी करीत. प्रथम दर्जाच्या १२४ सामन्यांत त्यांनीं ५८९ गडी बाद केले. १९७३ सालीं रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत तमिळनाडूविरुद्ध एका डावांत त्यांनीं केवळ १६ धांवांत ८ गडी टिपले. असा हा मनुष्य भारताकडून एकहि कसोटी सामना खेळला नाहीं. कां ? त्याच काळांत तशीच गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी भारतीय संघांत होते, आणि ते जगांतील उत्तम गोलंदाजांपैकीं एक होते. एका म्यानांत दोन तलवारी राहिल्या नाहींत. यांत कोणाचा अपराध दाखवितां येत नाहीं. शिवलकर खेळत राहिले, मुंबईस विजय मिळवून देत राहिले. क्रिकेट मंडळानें त्यांस २०१७ सालीं सी. के. नायडू यांच्या नांवाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. ते ३ मार्च २०२५ रोजीं निवर्तले.

अमोल मुझुमदार यांची गोष्ट याच जातीची आहे. १९८८ सालीं सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या शाळकरी मुलांनीं ६६४ धांवांची भागी केली, तेव्हां पुढचा फलंदाज म्हणून पायांस पॅड बांधून मुझुमदार बसून राहिले होते. त्यांची पाळी आलीच नाहीं. पुढें रणजी स्पर्धेंतील आपल्या पहिल्याच सामन्यांत त्यांनीं २६० धांवा केल्या, आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें एकंदर अकरा हजारांहून अधिक धांवा जमविल्या. तरी भारतीय संघाच्या मधल्या फळींत द्रविड, गांगुली व लक्ष्मण यांच्यासारखे फलंदाज असल्यामुळें त्यांस भारताकडून एकदांहि खेळावयास मिळालें नाहीं. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत भारताच्या महिला संघानें दक्षिण आफ्रिकेचा पराभव करून विश्वचषक जिंकला, तेव्हां त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक हेच मुझुमदार होते. ज्यानें वाट पाहणें काय असतें हें जाणलें, त्याच्या हातून दुसऱ्यांचें भलें झालें.

चौथें कारण जरा दूरच्या देशांतून समजावून घेऊं. कारण तेथें तें फार स्पष्ट दिसतें, आणि आपल्या जिल्ह्याशीं त्याचा संबंध वाटतो त्याहून निकट आहे. अमेरिका व कॅनडा या देशांत बर्फावर खेळावयाच्या हॉकीचे मोठे धंदेवाईक संघ आहेत. ते दरवर्षीं जगांतील अठरा वर्षांच्या आसपासचे होतकरू खेळाडू पाळीपाळीनें निवडून घेतात. रशियांत हा खेळ उत्तम खेळतात. तरी पुष्कळ रशियन मुलांचें नांव या निवडींत फार उशिरां पुकारलें जातें. पावेल दात्सुक याला १९९८ सालीं १७१ व्या क्रमांकावर घेतलें. त्याआधीं दोन वेळां कोणीं घेतलेंच नव्हतें. दुसऱ्याच एका खेळाडूस पाहावयास मॉस्कोला गेलेल्या डेट्रॉइट संघाच्या स्वीडिश हेरास तो योगायोगानें दिसला. निकिता कुचेरोव्ह याला २०११ सालीं ५८ व्या, तर किरिल काप्रिझोव्ह याला २०१५ सालीं १३५ व्या क्रमांकावर घेतलें. पैकीं दात्सुक व कुचेरोव्ह यांनीं तेथील सर्वांत मोठा चषक प्रत्येकीं दोनदां जिंकून दिला, आणि काप्रिझोव्ह २०२१ सालीं त्या स्पर्धेंतील सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला.

मग निवडणारांस त्यांचा खेळ कळला नाहीं काय ? थोडें तसेंहि झालें. कारण लांबच्या देशांत जाऊन पाहणारे थोडे. २०२२ सालीं युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाच्या संघांस आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळण्यांत आलें, तेव्हां तर त्या मुलांस इतर देशांच्या मुलांबरोबर खेळतांना पाहण्याची सोयच राहिली नाहीं. परंतु मुख्य गोष्ट निराळी आहे. रशियांत २००८ पासून त्यांची स्वतःची मोठी स्पर्धा चालते. तेथील संघांशीं मुलांचे करार झालेले असतात. आणि एका देशांतील संघानें दुसऱ्या देशांतील संघास खेळाडू कसा द्यावा याचा करार उभय बाजूंत नाहीं. म्हणून अमेरिकेंतील संघास भय वाटतें कीं, आज याला निवडावा आणि हा पांच वर्षें आलाच नाहीं, किंवा कधींच आला नाहीं तर ? काप्रिझोव्ह निवडीनंतर पांच वर्षांनीं, २०२० सालीं, संघाशीं करारबद्ध झाला. सर्वच रशियन खेळाडू मागें राहतात असें मात्र नाहीं. अलेक्झांडर ओवेच्किन याला २००४ सालीं पहिल्याच क्रमांकावर घेतलें होतें. परंतु ज्याच्या खेळाविषयीं थोडी जरी शंका असेल, त्याच्या बाबतींत "तो येईल कीं नाहीं" ही दुसरी शंका तराजूचें पारडें खालीं ओढते.

आतां आपल्या जिल्ह्याकडे या. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. पुष्कळ मुलें आईबापांबरोबर जातात. नेमक्या याच महिन्यांत शाळेंत सराव, सामने व पुढच्या फेऱ्या चालूं असतात. संघ बांधणाऱ्या शिक्षकापुढें दोन मुलें उभीं आहेत असें समजा. एक जरा अधिक वेगवान, पण ऊसतोडणीच्या घरचा. दुसरा जरा कमी, पण गांवांतच राहणारा. शिक्षक मनांत म्हणतो, "पहिल्याला घ्यावा, आणि ऐन वेळीं तो फडावर असला तर ?" आणि तो दुसऱ्याचें नांव लिहितो. मी हें दुसऱ्यांवर ढकलीत नाहीं. मीं स्वतः असें नांव लिहिलेलें आहे. त्या क्षणीं तें शहाणपणाचें वाटलें होतें. आज असें वाटतें कीं, मीं त्या मुलाचे पाय मोजले नाहींत, त्याच्या बापाची बैलगाडी मोजली.

पांचवें कारण सर्वांत लाजिरवाणें आहे. तें म्हणजे मनांतील भेदभाव. पळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं झाला. ते चर्मकार समाजांतले. पुण्यांत युरोपियन लोकांच्या क्लबांत ते मैदानाची निगा राखीत, आणि जे. जी. ग्रेग नांवाच्या फलंदाजास सरावासाठीं तासन्‌तास चेंडू टाकीत. त्यांचा डावा हात असा तयार झाला कीं, हिंदूंच्या संघास त्यांच्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. तरीहि मैदानावर ज्यांचा चेंडू चाले, त्यांस चहा मात्र बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांतून मिळे. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हां बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ गडी बाद केले. एवढें करूनहि हिंदू संघाचें नायकपद त्यांस कधीं मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें. योग्यता दिसत नव्हती असें येथें म्हणतां येत नाहीं. ती दिसत असूनहि ती मान्य करण्याची तयारी नव्हती.

भेदभाव केवळ परक्यांच्या मनांत असतो असेंहि नाहीं. पहिली निवड घरांतच होते, आणि तींत मुलींचीं नांवें सर्वांत आधीं गळतात. "मुलीला पळून काय करावयाचें आहे ?" या एका वाक्यानें जेवढ्या गुणी खेळाडू बाद झाल्या असतील, तेवढ्या कोणत्याहि निवडसमितीनें केल्या नसतील. ज्यांस हा प्रश्न पडतो त्यांनीं सातारा जिल्ह्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर यांची आठवण करावी. त्या २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें स्टीपलचेसच्या अंतिम फेरींत दहाव्या आल्या. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लींत पहिला खो-खो विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या नायिका प्रियांका इंगळे या मूळच्या आपल्याच केज तालुक्यांतल्या.

येथवर कारणें झालीं. आतां उपाय काय ? प्रथम एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. निवड न झालेला प्रत्येक मुलगा अन्यायाचा बळी असतो असें नाहीं. कित्येकदां दुसरा खरोखरच अधिक चांगला असतो. त्याचें मोकळ्या मनानें अभिनंदन करणें, हाहि खेळाचाच भाग आहे. म्हणून निवड न झाल्यास रुसून बसूं नये व कोणास दोषहि देऊं नये. नम्रपणें कारण विचारावें. "माझ्यांत काय कमी पडलें ?" असें विचारणाऱ्या मुलास बहुतेक शिक्षक आनंदानें उत्तर देतात.

अन्याय झाल्याची खात्री असेल, तर रीतसर दाद मागावी. कऱ्हाडजवळील गोळेश्वर गांवचे मल्ल खाशाबा जाधव यांस १९५२ सालच्या ऑलिंपिकच्या निवडींत एका गुणानें मागें टाकण्यांत आलें. हा निर्णय न्याय्य नाहीं असें वाटल्यावरून त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. कुस्ती पुन्हां झाली, आणि खाशाबांनीं प्रतिस्पर्ध्यास चीत केलें. मग प्रवासखर्चाची अडचण उभी राहिली. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली; कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर यांनीं तर स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकी येथें खाशाबांनीं कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. दुसरें मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. त्यांनीं आखाड्यांत बळ दाखविलें तसेंच दाद मागण्यांतहि दाखविलें. आणि तीं दोन्हीं बळें मिळूनच तें पदक आलें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठीं आणखी दोन सूचना. एक वही करा, आणि तींत दर पंधरवड्यास तुमची वेळ, उडी किंवा फेंक शिक्षकांच्या समक्ष मोजून तारखेसह लिहा. जेथें मत चालतें तेथें माणसें चुकतात. जेथें घड्याळ व फीत बोलते तेथें चुकीला जागा थोडी. सहा महिन्यांची अशी वही पाहिल्यावर कोणासहि "हा मुलगा एका दिवसापुरता चमकला" असें म्हणतां येणार नाहीं. आणि दुसरें असें कीं, निवड आयुष्यांत एकदांच होत नाहीं. मुंबईचे फिरकी गोलंदाज प्रवीण तांबे वर्षानुवर्षें क्लबांच्या व कंपन्यांच्या सामन्यांत खेळत राहिले. मुंबईच्या मुख्य संघांत त्यांस जागा मिळाली नाहीं. २०१३ सालीं राजस्थान रॉयल्स संघानें त्यांस आय. पी. एल. स्पर्धेंत मैदानावर उतरविलें, तेव्हां त्यांचें वय एकेचाळीस होतें, आणि तोंवर ते प्रथम दर्जाचा एकहि सामना खेळलेले नव्हते. पुढच्याच वर्षीं त्या स्पर्धेंत त्यांनीं हॅट्‌ट्रिक साधली. प्रत्येकास एकेचाळिसाव्या वर्षीं अशी संधि येईल असें मी म्हणत नाहीं. परंतु जो मैदान सोडून गेला त्याच्याकडे ती कोणत्याच वर्षीं येणार नाहीं.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, मुलाच्या खेळाविषयीं शिक्षकांच्या मनांतील शंका तुम्ही दूर करा. तोडणीस निघण्यापूर्वीं शाळेंत येऊन सांगा कीं, मुलगा आजीपाशीं राहील, किंवा हंगामी वसतिगृहांत राहील, आणि सरावास येईल. तुमच्या या एका वाक्यानें तराजूचें पारडें फिरूं शकतें. आम्हां शिक्षकांचेंहि कर्तव्य आहे. चांचणीची तारीख टोळ्या निघण्याच्या आधींची धरावी, आणि यादी पुरी करण्यापूर्वीं कोण कोण आज हजर नाहीं याची विचारपूस करावी.

जुन्या करारांत शमुवेल संदेष्ट्याची गोष्ट आहे, ती तुम्हांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. राजा निवडण्यासाठीं तो बेथलेहेमांत इशायाच्या घरीं गेला. थोरला मुलगा उंचापुरा होता. त्याला पाहतांच शमुवेलास वाटलें कीं, हाच तो. पण तो नव्हता. एकामागून एक सात मुलगे पुढून गेले. तेव्हां शमुवेलानें बापास विचारलें कीं, तुझे सर्व मुलगे एवढेच काय ? धाकटा एक राहिला होता. तो रानांत मेंढरें राखीत होता, आणि त्याला बोलावण्याचें बापाच्याहि मनांत आलें नव्हतें. तोच दावीद. मला या गोष्टींत शमुवेलाचा तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. निवड करणाऱ्या प्रत्येकानें यादीवर सही करण्यापूर्वीं तो एकदां विचारावा : सर्व एवढेच काय ? रानांत कोणी राहिला आहे काय ?

आरंभीं ज्या गृहस्थांचा मीं उल्लेख केला, त्यांस दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी पुन्हां भेटलों. ट्रॅक्टरवर सामान चढत होतें. मीं म्हटलें, "काल तुम्हीं विचारलें होतें त्याचें उत्तर आज देतों. मुलांत गुण आहे. निवड झाली नाहीं त्याचें कारण निराळें आहे, आणि त्यांतलें थोडें माझ्याकडेहि आहे. एक वर्ष कोयता देऊं नका." त्यांनीं मुलाकडे पाहिलें, मग बायकोकडे पाहिलें, आणि मुलाची पेटी गाडींतून खालीं उतरविली. तो मुलगा यंदां दहावींत आहे, आणि आजीपाशीं राहतो. त्याचें नांव अजून कोणत्याहि यादींत आलेलें नाहीं. परंतु त्याच्या वहींत दर पंधरवड्याची वेळ लिहिलेली आहे, आणि ती पंधरवड्यागणिक थोडी थोडी कमी होत आहे.